दोन्या पेर्लाचं इतिवृत्त

दोन्या पेर्लाची, म्हणजे आमच्या पेर्लाबाईंची, नेमणूक झाली तेव्हा मी विरोध केला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर सेंदेर सांगेल. सेंदेर म्हणजे आमचा गिरणीवाला. त्याच्या गिरणीत गहू कमी आणि लोकांच्या भानगडी जास्त दळल्या जातात.

साल होतं एकोणीसशे आठ. बुएनोस आइरेसच्या उत्तरेला, सेइबो या ज्यू वसाहतीतल्या आमच्या शेतकरी सहकारी संस्थेला सभांचं इतिवृत्त लिहायला माणूस हवा होता. आधी ते काम पेर्लाचे वडील करायचे. पण त्यांची नजर गेली, आणि दोन वर्षं बापाशेजारी बसून ही मुलगीच सगळं लिहीत होती. मी उभा राहून म्हणालो, "सतरा वर्षांची पोर. तिला काय कळतंय?" पेर्लाने मान खाली घालून लिहिलं, 'खोगीरवाले श्री. नाफ्ताली शुल्किन यांची हरकत. कारण : वय.' मग मान वर करून मला विचारलं, "अजून काही, डॉन नाफ्ताली? शाई आहे अजून."

तेव्हापासून त्या वहीत माझं नाव इतक्या वेळा आलंय की परमेश्वराचंही आलं नसेल, आणि दर वेळी पुढे एकच शब्द : हरकत. मला त्याची लाज नाही. आमच्या लोकांत दोन माणसं भेटली की तीन मतं होतात. ती कुठेतरी लिहून ठेवायला नकोत का?

पेर्लाचा नियम साधा होता. जो बोलेल त्याचं नोंदलं जाईल, आणि बोलला असेल तसंच नोंदलं जाईल. शिव्या तेवढ्या ती धुऊन घ्यायची. सेंदेर अध्यक्षांना जे म्हणायचा ते मी इथे लिहू शकत नाही; वहीत मात्र असायचं, 'श्री. सेंदेर यांनी अध्यक्षांच्या तीर्थरूपांविषयी मत मांडले.' सभेच्या शेवटी ती सगळं इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायची, आणि ते ऐकल्याशिवाय कोणाला जाता यायचं नाही. वाचून झालं की लोक त्या वाचनावर हरकती घ्यायचे. त्याही नोंदल्या जायच्या. आमची सभा कधी संपायची नाही, नुसती थकायची.

बाकी तिचं आयुष्य म्हणाल तर एका पानात मावेल. पाच वर्षांची असताना रशियातल्या बेसाराबियातून बोटीने इथे आली. विहिरी खणणाऱ्या बेर्नार्दोशी लग्न केलं, दोन वर्षांत घोड्याने त्याला पाडलं आणि तो गेला. नंतर एकटीच राहिली, संस्थेच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. हंस पाळले. ते हंस गावातल्या प्रत्येक माणसाच्या पोटरीला चावायचे, तिला मात्र बघून रांगेत उभे राहायचे. या देशाच्या नागरिकत्वाचा कागद तिने कधी काढला नाही. मी म्हणायचो, "काढून टाका हो, अडीअडचणीला बरा." ती म्हणायची, "माझं या देशाशी काही भांडण झालंय का? मग लेखी कशाला?" जिने आयुष्यभर सगळं लेखी ठेवलं, तिने नेमका हा एक कागद ठेवला नाही.

छत्तीस सालच्या मार्चमध्ये तो दुसरा कागद आला.

तालुक्याच्या गावी, सान हसिंतोला, स्टेशनवर आणि चर्चच्या दारात कोणीतरी तीन छापील पानं फुकट वाटली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सेइबो वसाहतीतील ज्यू वडीलधाऱ्यांच्या गुप्त सभेचे इतिवृत्त.' आत काय नव्हतं! आम्ही म्हणे प्रांतातला सगळा गहू गिळणार, रेल्वे घेणार, वर्तमानपत्रं मुठीत ठेवणार, समुद्रापलीकडच्या कोणा परिषदेचे हुकूम पाळणार. अध्यक्ष बोलले, सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं. तासाभरात अकरा ठराव, सगळे सर्वानुमते मंजूर. खाली सही पेर्लाची. सही खरी होती. संस्थेच्या कुठल्याशा जाहीर नोटिशीवरून उचलून तिचा ठसा केला होता.

मी ते दुकानात वाचलं तेव्हा पहिल्यांदा हसलोच. "तासाभरात अकरा ठराव!" मी म्हणालो. "अरे, अकरा ठरावांना आपल्याला अकरा वर्षं लागतात."

"सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं," सेंदेर म्हणाला. "पेर्लाबाई, हे कुठलं सेइबो हो? आपण तिकडेच राहायला जाऊ या."

औषधवाला मार्गुलिस मात्र हसला नाही. तो वाचणारा माणूस; बुएनोस आइरेसहून येणारी वर्तमानपत्रं कापून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो. तो खोका घेऊन आला आणि आम्हाला बसवून सांगू लागला. हा कागद नवा नाही. तीसएक वर्षांपूर्वी रशियात छापला गेला, तेव्हा त्यात आमच्या जागी साऱ्या जगातले ज्यू म्हातारे होते. मग लंडनच्या एका वर्तमानपत्राने दाखवून दिलं की त्यातली पानंच्या पानं एका जुन्या फ्रेंच पुस्तकातून चोरलेली आहेत. ते पुस्तक त्यांच्याच बादशहाची खोड काढायला लिहिलेलं, त्यात ज्यूचं नावसुद्धा नव्हतं. गेल्या साली स्वित्झर्लंडमधल्या कोर्टानेही तो कागद बनावट ठरवला.

"मग संपलं की," मी म्हणालो.

"कुठलं संपतंय? गावाचं नाव बदलायचं, सही बदलायची, परत छापायचा. आणि या गाढवाला तर नीट बदलताही आलेलं नाही. हे बघा, सातवा ठराव. 'वेळ आल्यास शहरांखालच्या भुयारी रेल्वेचे बोगदे उडवून द्यावेत.' हे जुन्या कागदातलं तसंच राहिलंय."

सेइबोत बोगदे! आमच्या गावाखाली बोगदे आहेत ते फक्त विस्काचांचे. रात्रभर माती उकरून मका खाणारा तो लठ्ठ उंदीर उडवून द्यायला आम्ही तीस वर्षं सगळे उपाय केले, एकही ठराव पास झाला नाही. त्या दिवशी दुकानात इतकं हसणं झालं की मागचे हंस ओरडायला लागले.

पण घरी जाताना माझं हसू गेलं. माझी मावशी बेसाराबियातल्या किशिनेवमध्ये राहायची. तिथेही एका वर्तमानपत्राने आमच्याविषयी असंच धडधडीत खोटं छापलं होतं आणि लोक हसले होते. मग ईस्टरच्या रविवारी शेजारीपाजारी दगड आणि कांबी घेऊन आले. मावशी हसणाऱ्यांतली होती.

पुढच्या बुधवारी प्रांताच्या राजधानीतून, पारानाहून, चौकशी अधिकारी आले. लेंसिना त्यांचं नाव. पन्नाशीचा, थकलेला, पोटाची तक्रार असलेला गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. वरून हुकूम आला होता, त्याला कागद भरायचे होते. त्यांनी पेर्लाला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. परक्या माणसाला खटला न चालवताही बोटीवर बसवता येतं, असा कायदा आहे. कागद खरा निघाला तर तुम्हाला आलात तिथे परत जावं लागेल.

आलात तिथे! ती आली ते गाव आता दुसऱ्याच देशात होतं आणि तिथे तिला ओळखणारं कुत्रंही उरलं नव्हतं.

"खरं इतिवृत्त कुठे आहे?" साहेबांनी विचारलं. पेर्लाने अठ्ठावीस वर्षांच्या एकोणीस वह्या टेबलावर आणून ठेवल्या. साहेब वाचायला बसले. पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या, दुसऱ्या दिवशी ओठ हलायला लागले. गुरुवारी दुपारी 'श्री. शुल्किन यांची हरकत. कारण : सभा वेळेवर सुरू झाली' या ओळीवर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बाई, या अठ्ठावीस वर्षांत एकतरी ठराव सर्वानुमते झालाय का?"

"एक. एकोणीस साली."

"कुठला?"

"सभा तहकूब करण्याचा. टोळधाड आली होती. मी एकटीच हजर होते."

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात साहेबांनी चौथी वही उघडली आणि त्यांच्या बोटाला दोन पानं एकत्र लागली. कडेने नीट खळ लावून चिकटवलेली.

"हे काय?"

"चिकटवलेलं पान."

"ते दिसतंय मला. कोणी चिकटवलं?"

"मी."

"का?"

"ते सांगता येत नाही, साहेब. शब्द दिलाय."

साहेबांचा चेहरा बदलला. आता हीच तर गंमत आहे या कागदांची. एकोणीस वह्या समोर उघड्या असल्या तरी माणूस विसावी शोधतो. "हे फाडून बघता येईल मला," ते म्हणाले.

"बघा. पण मग मी लिहीन, साहेबांनी फाडलं म्हणून."

साहेबांनी बोट मागे घेतलं. ते कायद्याचे पक्के होते. त्यांनी फाडलेल्या पानावर उद्या कोणीही म्हणालं असतं की ते त्यांनीच घुसडलं. शेवटी त्यांनी तिघांसमोर निवाडा दिला. पेर्ला, मार्गुलिस आणि मी. ते म्हणाले, रविवारी सर्वसाधारण सभा बोलवा. सगळ्या सभासदांनी एकमताने लिहून द्यावं की या वसाहतीत कधीही गुप्त सभा झालेली नाही. तसं लिहून दिलंत तर मी या पानाकडे बघणार नाही. नाहीतर तुमच्या हातांनी, सर्वांसमोर, पान उघडा. दोन्ही जमत नसेल तर सोमवारच्या गाडीने बाई माझ्याबरोबर येतील.

आता मला कबूल केलं पाहिजे. त्या पानावर काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण मी त्यात होतो.

एकोणीसशे अकरा साली आमचे अध्यक्ष होते शाब्से ओस्त्रोव्ह. माझी बायको हुदेस, तिचा थोरला भाऊ. मी या देशात आलो तेव्हा माझ्याकडे एक आरी आणि दीड जोडा होता. शाब्सेने मला दोन वर्षं घरात ठेवून घेतलं, दुकान घालून दिलं, बहीण दिली. आणि मी पाच जणांना जमवून त्याला अध्यक्षपदावरून काढायचा कट केला, कारण त्याने मळणीयंत्र माझ्या मर्जीचं घेतलं नाही. आम्ही सहा जण एका शुक्रवारी दुपारी सार्वजनिक न्हाणीघरामागे भिंतीच्या आडोशाला जमलो. अगदी गुप्त. पण एकमेकांवर विश्वास कोणाचा? उद्या कोण काय बोलला यावरून भांडणं नकोत म्हणून आम्ही पेर्लाला इतिवृत्त लिहायला बोलावलं. असा कट जगात फक्त आम्हीच करू शकतो.

ती आली, तिने लिहिलं, आणि आम्ही तिच्याकडून शब्द घेतला की आमच्यापैकी जे हयात असतील त्या सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय ते पान उघडायचं नाही. छत्तीस सालापर्यंत चार जण गेले होते. उरलो सेंदेर आणि मी. शाब्से एकोणऐंशीचा झाला होता, रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन माते, म्हणजे इथला कडवट पाल्याचा चहा, प्यायचा आणि हुदेसला सांगायचा, "तुझ्या नवऱ्यात शंभर खोड्या आहेत, पण पाठीत वार करणारा नाही."

म्हणून मला ते पान उघडायला नको होतं. दुसरं कारण नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला सर्वांचं एकमत हवं होतं.

रविवारी दहा वाजता सभा भरली. साहेब व्यासपीठावर, शेजारी पेर्ला वही उघडून. पहिल्या बाकावर शाब्से, हातात काठी. अध्यक्षांनी निवेदन वाचलं, 'आम्ही सर्व सभासद शपथेवर सांगतो की या वसाहतीत कधीही गुप्त सभा झालेली नाही.' दोन ओळी. साहेबांनी घड्याळ बघितलं. बिचाऱ्यांना वाटलं असेल, बाराच्या गाडीने घरी.

पहिली हरकत 'शपथेवर' या शब्दावर आली. देवाला यात ओढायचं की नाही यावर दीड तास. मग समाजवाद्यांचं म्हणणं, 'सभासद' पुरे नाही, 'कष्टकरी सभासद' हवं. मार्गुलिसला बोगद्यांचा उल्लेख घालायचा होता. एक वाजता बायकांनी वारेनिके, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणल्या. साहेबांनी पोट धरून नको नको म्हटलं आणि तीन थाळ्या खाल्ल्या. दोन वाजता साहेब स्वतःच उभे राहून ओरडले, "अहो, एवढं साधं वाक्य आहे!" त्यावर चार हरकती आल्या. पेर्लाने चारही लिहिल्या, आणि साहेबांचं ओरडणंही लिहिलं.

मी दिवसभर गप्प होतो. हुदेसने बायकांच्या बाजूने विचारलं, "अहो, बरं नाही का वाटत?"

चार वाजता चमत्कार झाला. वाक्य जसं होतं तसं ठेवायचं ठरलं. अध्यक्ष म्हणाले, "बाजूने असतील त्यांनी हात वर करा." हात वर गेले. माझाही गेला. साहेब उठून उभे राहिले. एकच हात खाली होता, माझ्या शेजारचा.

"सेंदेर," मी दातांत म्हणालो, "हात वर कर."

"नाही करत."

मी बाकाखाली त्याच्या नडगीवर लाथ मारली. तो कळवळून उभाच राहिला. "लाथ मारतोय हा मला! साहेब, हे वाक्य खोटं आहे. खोट्या कागदाला उत्तर म्हणून आपण दुसरा खोटा कागद द्यायचा? गुप्त सभा झाली होती. एक. मी होतो तिथे."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. साहेब हळूच खाली बसले आणि पेर्लाकडे वळले. "त्या पानात तीच सभा आहे?"

"हो."

"उघडा."

"सेंदेर हो म्हणतायत. अजून एक जण हयात आहे. त्यांनी म्हटलं की उघडते."

"कोण?"

पेर्लाने लेखणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. "ते मी सांगणार नाही."

सेंदेरलासुद्धा त्या वेळी माझं नाव घ्यावंसं वाटलं नाही. गप्पिष्ट सेंदेर! तो नुसता नडगी चोळत राहिला.

"बाई," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच दुःखी होता, "मग तुम्हाला उद्या माझ्याबरोबर यावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, साहेब." तिने लेखणी उचलली आणि तेही लिहून घेतलं.

ती लिहीत होती, कागदावर लेखणीचा कुरकुर आवाज येत होता, आणि तो माझ्याच्याने ऐकवेना. मी उभा राहिलो.

"मी होतो," मी म्हणालो. "दुसरा मी. शाब्सेदादा, तुम्हाला काढायचा कट मीच केला होता. अकरा साली. उघडा हो ते पान, दोन्या पेर्ला."

हुदेसने तोंडावर हात ठेवला. शाब्से हलला नाही. कोणीतरी मातेची किटली आणली, पेर्लाने तिच्या वाफेवर वही धरली. खळ सुटायला पाच मिनिटं लागली. मग तिने नेहमीच्या आवाजात, बाजारभाव वाचावेत तसं वाचलं :

"'गुप्त सभा. स्थळ : न्हाणीघरामागे. हजर : सहा. विषय : अध्यक्षांना काढणे. सर्वांची संमती, तीन हरकतींसह. नवा अध्यक्ष कोण, यावर मतदान. उमेदवार सहा. प्रत्येकास एक मत. पुन्हा मतदान. प्रत्येकास एक मत. श्री. सेंदेर यांनी श्री. शुल्किन यांच्या टोपीविषयी मत मांडले. श्री. शुल्किन यांनी श्री. सेंदेर यांच्या गिरणीविषयी मत मांडले. तिसरे मतदान. प्रत्येकास एक मत. शब्बाथची मेणबत्ती लावण्याची वेळ झाल्याने सभा कोणत्याही निर्णयाविना संपली. पुढील गुप्त सभेची तारीख ठरू शकली नाही.'"

साहेबांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. त्यांचे खांदे हलत होते. मला मात्र हसू येत नव्हतं. मी शाब्सेकडे बघत होतो. तो काठीवर भार देऊन उठला.

"माझी हरकत आहे," तो म्हणाला. "इतिवृत्त चुकलंय. हजर सहा नाही, सात."

"सात?" पेर्ला म्हणाली. तिच्या वहीत चूक! ती लाल झाली.

"मी आत होतो. न्हाणीघरात, गरम पाण्यात. शुक्रवार नव्हता का? संध्याकाळी शब्बाथ, त्याआधी आंघोळ नको? बाहेर पडावं तर हे सहा शहाणे बाहेर. दोन तास बसलो. पाणी थंडगार झालं. आठ दिवस तापाने फणफणलो होतो, आठवतंय का हुदेस?"

"म्हणजे तुम्हाला पंचवीस वर्षं माहीत होतं?" मी विचारलं.

"मग! म्हटलं, बघू या, हा गाढव कधी सांगतोय. रोज संध्याकाळी येऊन खडा टाकत होतो. तुझी कातडी तुझ्या खोगिरांपेक्षा जाड निघाली."

सगळं सभागृह फुटलं. हसणं, टाळ्या, बाकांवर मुठी. साहेबांना हसता हसता उचक्या लागल्या. शांत झाल्यावर त्यांनी पेर्लाकडून कोरा कागद मागितला आणि तिथेच अहवाल लिहिला. शेवटचं वाक्य त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं : 'ही माणसे स्वतःच्या अध्यक्षाविरुद्धही कट पूर्ण करू शकत नाहीत, जगाविरुद्धचा कट यांच्याकडून होणे असंभव. सदर छापील कागद बनावट आहे. बाईंविरुद्धचे प्रकरण बंद.' त्यावर दोन हरकती आल्या. 'असंभव' हा शब्द अपमानास्पद वाटला लोकांना.

पण कागद मेला नाही, तेही सांगतो. महिन्याभरात सान हसिंतोला परत पानं वाटली गेली, आणि त्यात नवी ओळ होती : 'ज्यूंनी गुप्त सभा झाल्याची स्वतः कबुली दिली, चिकटवलेले पान सापडले.' पेर्लाने ते वाचलं, चौथी वही उचलली, त्या पानाखाली शाब्सेची न्हाणीघरातली हरकत नोंदली आणि वही दुकानाच्या दाराशी दोरीने टांगली. कोणीही यावं, वाचावं. गाडीवान, गुराखी, पाद्रीसाहेबांचा स्वयंपाकी, सगळे येऊन वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दुसरे मोठ्याने वाचून दाखवतात. आता दहा कोसांतला प्रत्येक गुराखी मला लांबून हाक मारतो, "काय डॉन नाफ्ताली, पाणी गरम आहे का?" सान हसिंतोत त्या कागदावर विश्वास ठेवणारे अजून आहेत. आमच्या दुकानात येणाऱ्यांत कोणी नाही.

मला सांगायचंय ते मात्र सभेच्या दुसऱ्या दिवसाचं. सोमवारी सकाळी मी पेर्लाकडे गेलो. माफी मागायची होती, आणि माफी कशी मागतात ते मला नीट येत नव्हतं. हंसांनी पोटरीचा चावा घेतला. दार उघडं होतं. खोलीच्या मधोमध पेटी होती, दोरीने आवळून बांधलेली, आणि पेर्ला गुडघ्यांवर बसून तिच्या गाठी सोडत होती.

"ही कधी बांधलीत?"

"गुरुवारी. साहेबांनी सांगितलं तेव्हाच." गाठ घट्ट होती, ती दातांनी ओढू लागली. "बघताय काय, हात लावा."

मी खाली बसलो. गुरुवार. म्हणजे शुक्रवारी ती माझ्या दुकानासमोरून गेली आणि पट्टा कसा शिवायचा यावर माझ्याशी भांडली, तेव्हा पेटी बांधलेली होती. रविवारी व्यासपीठावर बसली तेव्हाही. माझं नाव घेतलं असतं तर एका शब्दात सुटली असती.

आम्ही पेटी उघडली. वर बेर्नार्दोचा जाड कोट, तिकडची थंडी म्हणून. मग बापाचा चष्मा. मग हंसांच्या पिसांची उशी. तळाशी शाईच्या तीन बाटल्या मोज्यांत गुंडाळलेल्या, आणि एक कोरी वही.

"ही कशाला?" मी विचारलं.

"बोटीवर तीन आठवडे," ती म्हणाली. "इतकी माणसं एका जागी. भांडणार नाहीत का? कोणीतरी नीट लिहून घ्यायला हवं."

मला हसू आलं, आणि हसता हसता मी रडायला लागलो. बासष्ट वर्षांचा घोडा, तिच्या पेटीवर डोकं टेकून हुंदके देत बसलो. पेर्लाने थोडा वेळ मला रडू दिलं. मग पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाली, "पुरे आता, डॉन नाफ्ताली. कोट भिजतोय. तो खुंटीला लावा आणि बाटल्या खिडकीत ठेवा. उशी माझ्या पलंगावर."

मी सांगितलेल्या जागी एकेक वस्तू ठेवली. कशालाही हरकत घेतली नाही.